पासून आणि पर्यंत : एका व्याख्येचा इतिहास

मराठीत ‘पर्यंत’ हा शब्द आपण दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो. पण तो संदिग्ध आहे, हे क्वचितच ध्यानात घेतो. ‘पुण्यापर्यंत पाऊस झाला’ असे कोणी सांगितले, तर प्रत्यक्ष पुण्यात पाऊस पडला, की तो वेशीशी येऊन थांबला? ‘दहा तारखेपर्यंत अर्ज घेतले जातील’ या सूचनेत दहावी तारीख धरावयाची की नाही, यावरून कचेरीच्या खिडकीशी वाद होतात. सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर असले म्हणजे असा वाद दोन शब्दांत मिटतो. परंतु ज्या श्रोत्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, प्रसंग पाहून अर्थ लावता येत नाही, आणि सांगितलेले अक्षरशः पाळण्यापलीकडे ज्याची गती नाही, अशा श्रोत्याला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ कसे समजावून सांगावे? हा श्रोता म्हणजे संगणक. त्याला आज्ञा देण्यासाठी ज्या भाषा रचल्या गेल्या, त्यांच्या कर्त्यांना सहा दशकांहून अधिक काळ या दोन शब्दांशी झुंजावे लागले आहे. त्या झुंजीची हकीकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

या प्रश्नाची जाणीव आपल्याकडील वैयाकरणांना फार पूर्वी झालेली होती. ‘आमरण’ आणि ‘आबालवृद्ध’ हे दोन्ही शब्द आपण सहज वापरतो. पहिल्यात मरण ही केवळ सीमा आहे. दुसऱ्यात बाळेही आली आणि वृद्धही आले. ‘आ’ एकच, पण एके ठिकाणी टोक वगळलेले आणि दुसऱ्या ठिकाणी टोक सामावलेले. पाणिनीने अष्टाध्यायीत यांना दोन वेगळी नावे योजली आहेत : टोक वगळणारी ती ‘मर्यादा’ आणि टोक धरणारा तो ‘अभिविधी’. इतकेच नव्हे, तर वर्णांचे गट सांगण्यासाठी त्याने प्रत्याहाराची जी युक्ती वापरली, तिच्यात आरंभीचा वर्ण आणि शेवटची खूण एवढेच सांगावे लागते. ‘अच्’ म्हटले की ‘अ’पासून ‘च्’ या खुणेपर्यंतचे सर्व स्वर आले. ‘च्’ मात्र त्या गटात मोजावयाचा नाही. तो फक्त येथे थांबा असे सांगण्यापुरता आहे.

या उदाहरणाचा कोणी भलता अर्थ करू नये. पाणिनीला संगणक ठाऊक होता असे आमचे म्हणणे नाही. पुढे ज्यांची नावे येतील त्या पंडितांनी अष्टाध्यायी वाचून आपल्या भाषा रचल्या असेही नाही. जेथे जेथे माणसाने थोडक्या शब्दांत काटेकोर नियम सांगण्याचा प्रयत्न केला, तेथे तेथे त्याला हाच प्रश्न आडवा आला, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी आय.बी.एम. कंपनीच्या ७०४ या यंत्रासाठी फॉर्ट्रान ही भाषा सिद्ध केली. तीत एक आज्ञा होती : अमुक काम, मोजणी एकपासून शंभरपर्यंत नेत, पुनःपुन्हा करा. येथे एक आणि शंभर ही दोन्ही टोके धरलेली होती. माणसाच्या मोजण्याला हे जवळचे वाटते. पण त्यात दोन अडचणी दडलेल्या होत्या. पहिली शेतकऱ्याला ठाऊक असलेलीच आहे. शंभर फूट लांबीच्या सरळ बांधावर, दोन्ही टोके धरून, दर दहा फुटांवर खांब रोवावयाचा, तर खांब किती लागतील? घाईत उत्तर येते दहा. खरे उत्तर अकरा. दोन्ही टोके धरली की वजाबाकीत एक मिळवावा लागतो, आणि तो एक मिळवण्यास माणूस विसरतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. करावयाचे काम शून्य वेळा असेल तर? गोणीत एकही पत्र नाही, तर पोस्टमनने एकही दार ठोठावू नये, हे कोणालाही कळते. परंतु सुरुवातीच्या फॉर्ट्रानमध्ये काम आधी होई आणि ‘संपले का?’ ही तपासणी मागाहून होई. त्यामुळे काम एकदा तरी घडेच. शून्य वेळा काम करण्याची सोय १९७७ सालच्या प्रमाण फॉर्ट्रानने रीतसर केली. ‘काहीच नाही’ हे सांगण्याची जागा नियमात असावी लागते, हे कळून तसा नियम लिहिण्यास वीस वर्षे लागली.

या गोंधळाचा निकाल नेदरलंडचे गणितज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ११ ऑगस्ट १९८२ या तारखेच्या एका लहानशा हस्तलिखित टिपणात लावला. त्यांचा युक्तिवाद असा : सलग संख्यांचा गट सांगण्याच्या रीती चार. दोन्ही टोके धरा, दोन्ही वगळा, पहिले धरून शेवटचे वगळा, अथवा पहिले वगळून शेवटचे धरा. यांपैकी शेवटच्या दोन रीतींत टोकांची वजाबाकी केली की गटातील संख्या मिळते, आणि एका गटाचा शेवट हाच पुढच्या गटाचा आरंभ होतो. त्या दोहोंतही पहिले टोक धरणारी रीत बरी. कारण शून्यापासून मोजणी सुरू करताना शून्याच्या अलीकडची संख्या उगाच ओढून आणावी लागत नाही, आणि रिकामा गटही सरळ लिहिता येतो : पाचपासून पाचपर्यंत, पाच वगळून. झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातील मेसा या भाषेत चारही रीतींची सोय होती. तेथील अनुभवही याच निर्णयाला पुष्टी देणारा असल्याचे डाइक्स्ट्रा यांनी नमूद केले. आज बहुतेक प्रमुख भाषा या अर्धखुल्या रीतीने चालतात. आपल्या परिभाषेत बोलावयाचे, तर आरंभी अभिविधी आणि अंती मर्यादा.

परंतु टोके कशी लिहावीत हे ठरले म्हणून प्रश्न सुटला नाही. टोक सांगितलेच नाही तर काय होते, हे जगाला लवकरच पाहावे लागले. सी या भाषेत बाहेरून येणारी ओळ वाचून स्मृतीत ठेवणारी ‘गेट्स’ नावाची एक तयार आज्ञा होती. तिला जागा कोठून सुरू होते एवढेच सांगावयाचे. ती कोठे संपते हे सांगण्याची सोयच नव्हती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील संगणकांच्या जाळ्यात एक स्वतःच स्वतःच्या प्रती काढणारा कार्यक्रम सुटला. तो ‘मॉरिस वर्म’ या नावाने ओळखला जातो. त्याने योजलेल्या मार्गांपैकी एक हाच होता : ५१२ बाइटांच्या जागेत त्याने ५३६ बाइटांची ओळ ओतली, आणि जास्तीच्या २४ बाइटांनी शेजारच्या स्मृतीवर अतिक्रमण करून यंत्राचा ताबा घेतला. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली, असा तेव्हाचा अंदाज होता. ‘गेट्स’ वापरू नका असा इशारा माहितीपत्रकांत पुढे वर्षानुवर्षे छापला गेला. पण ती आज्ञा सीच्या प्रमाणातून निघाली २०११ साली. सदोष व्याख्येवर इशाऱ्याची चिठ्ठी चिकटवून भागत नाही, हा या प्रकरणाचा धडा.

याच्या उलट बाजूचा धडा २०१४ साली मिळाला. बँका, दुकाने, टपाल यांचा गुप्त व्यवहार इंटरनेटवर सुरक्षित ठेवणाऱ्या ओपन-एस-एस-एल या साधनात ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष एप्रिल महिन्यात उघडकीस आला. एक यंत्र दुसऱ्याला लहानसा मजकूर पाठवून ‘हा इतक्या लांबीचा आहे, तसाच परत पाठव’ असे सांगे. मजकूर चार अक्षरांचा पाठवून लांबी मात्र हजारोंची सांगितली, तर दुसरे यंत्र शेजारच्या स्मृतीतले ६४ किलोबाइटांपर्यंतचे काहीही उचलून देई. मग त्यात परवलीचे शब्द असोत वा गुप्त किल्ल्या. येथे नियम लिहिण्यात चूक नव्हती. २०१२ सालच्या संबंधित प्रमाणलेखात, सांगितलेली लांबी अवाजवी असेल तर संदेश निमूट टाकून द्यावा, असे स्पष्ट शब्दांत म्हटलेले होते. नियम कागदावर होता. तो पाळला जातो की नाही हे तपासणारे कोणी नव्हते.

हे दोन धडे शेजारी ठेवले, म्हणजे आमच्या विषयाचे मर्म हाती येते. ज्याला प्रोग्रामर ‘इंटरफेस’ म्हणतात तो एक करार असतो. मी तुला अमुक देईन, तू तमुक पाळ, हे त्याचे स्वरूप. या कराराचा काही भाग यंत्राला तपासता येतो. उरलेला भाग केवळ शब्दांत राहतो. पहिला भाग कच्चा असेल तर शब्द वाया जातात, आणि दुसरा कच्चा असेल तर यंत्राची तपासणी पोकळ ठरते. पल्ल्याची, म्हणजे प्रोग्रामर ज्याला ‘रेंज’ म्हणतात तिची व्याख्या हा या दोन भागांतली सीमारेषा आखण्याचा इतिहास आहे.

संख्यांच्या पल्ल्यापासून वस्तूंच्या पल्ल्यापर्यंतचा मोठा टप्पा मॉस्कोत जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले गणितज्ञ अलेक्झांडर स्तेपानोव यांनी गाठला. यादी असो, तक्ता असो वा झाडासारखी रचना असो, शोधणे, मोजणे, क्रम लावणे या कृती मूलतः एकच आहेत. मग प्रत्येक रचनेसाठी त्या निराळ्या का लिहाव्या, हा त्यांचा प्रश्न. ह्यूलेट-पॅकर्डच्या प्रयोगशाळेत मेंग ली यांच्यासह त्यांनी जो संग्रह तयार केला, तो नोव्हेंबर १९९३ मध्ये सी प्लस प्लस या भाषेच्या प्रमाणसमितीपुढे मांडला गेला, जुलै १९९४ मध्ये समितीने स्वीकारला, आणि १९९८ च्या प्रमाणात समाविष्ट झाला. त्यात पल्ला सांगावयाचा तो दोन ‘इटरेटरां’नी. वहीतल्या ओळीवर बोट ठेवून वाचावे तसे हे इटरेटर. एक बोट पहिल्या वस्तूवर, दुसरे शेवटच्या वस्तूच्या पुढच्या जागेवर. ते दुसरे बोट जेथे आहे ती वस्तू वाचावयाची नाही. प्रत्याहारातल्या ‘च्’सारखी ती केवळ खूण.

स्तेपानोव यांचे खरे वैशिष्ट्य असे, की त्यांनी कराराचा अर्थही करारात लिहिला. इटरेटरांचे पाच वर्ग त्यांनी पाडले. केवळ एकदाच वाचत पुढे जाणारा, केवळ लिहीत जाणारा, पुन्हा पहिल्यापासून वाचू देणारा, मागेही सरकणारा आणि हव्या त्या जागी एकदम उडी घेणारा. प्रत्येक वर्गाने काय केले पाहिजे याचे तक्ते त्यांनी दिले. शिवाय ते काम किती वेळात झाले पाहिजे हाही व्याख्येचाच भाग मानला. उडी घेईन म्हणणारा इटरेटर प्रत्यक्षात एकेक पाऊल मोजत जात असेल, तर उत्तर बरोबर येऊनही त्याने करार मोडला, अशी त्यांची भूमिका होती.

उणीव होती ती तपासणीची. हे तक्ते प्रमाणग्रंथात होते. भाषेत ते लिहिण्याची सोय नव्हती. एक बोट एका वहीत आणि दुसरे भलत्याच वहीत ठेवले, तरी कंपायलर, म्हणजे मानवी आज्ञांचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा दुभाष्या, ते मुकाट्याने मान्य करी. पहिले बोट दुसऱ्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही, हे कळे ते कार्यक्रम कोसळल्यावर.

मे २००९ मध्ये अमेरिकेतील ॲस्पेन येथे भरलेल्या एका परिषदेत आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू यांनी या इटरेटरांना निरोप द्यावा, असे आपल्या भाषणाच्या मथळ्यातच जाहीर केले. वॉल्टर ब्राइट यांनी सुरू केलेल्या डी या भाषेच्या रचनेत ते सहभागी होते. त्यांचा विचार असा, की दोन बोटे सुटी ठेवल्याने घोटाळा होतो. म्हणून पल्ला हीच एक वस्तू मानावी आणि तिच्याकडून तीनच गोष्टी मागाव्या : संपला का, समोर काय आहे, आणि पुढे सरक. डी भाषेत यांची नावे ‘एम्प्टी’, ‘फ्रंट’ आणि ‘पॉपफ्रंट’. ज्याला या तीन गोष्टी करता येतात तो पल्ला, मग त्याचे कूळ कोणतेही असो. आणि त्या करता येतात की नाही, याची चाचणी कार्यक्रम चालण्यापूर्वी कंपायलरच घेतो. ‘संपला का?’ याचे उत्तर ‘नाही’ असेच कायमचे ठरवून दिले असेल, तर तो पल्ला अनंत आहे हेही त्याला ओळखता येते. या रीतीत काही गमावलेही. सुटे बोट नुसती एक जागा दाखवू शकते. डी भाषेत शोध घेतला असता जागा मिळत नाही, सापडलेल्या वस्तूपासून पुढचा उरलेला पल्ला मिळतो. कोणती रीत सोयीची, यावर जाणत्यांत आजही मतभेद आहेत.

परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पल्ल्यावर पुन्हा पहिल्यापासून जाता यावे यासाठी डी भाषेत ‘सेव्ह’ नावाची चौथी गोष्ट लागते. ती म्हणजे आजची जागा राखून ठेवणे. कळफलकावरून येणाऱ्या मजकुराला ती देता येत नाही, कारण गेलेले अक्षर पुन्हा येत नाही. आता गंमत अशी, की पुष्कळ पल्ल्यांची नुसती नक्कल केली तरी जागा आपोआप राखली जाते. म्हणून लिहिणारे ‘सेव्ह’ म्हणण्यास विसरतात, आणि काम बरोबर चालल्यासारखे दिसते. मग एखादे दिवशी असा पल्ला समोर येतो, की ज्याची नक्कल म्हणजे त्याच वस्तूचे दुसरे नाव असते. तो वाचता वाचता मूळही संपून जाते, आणि उत्तर चुकते. कंपायलरने कराराचा आकार तपासला होता; अर्थ त्याच्या आवाक्यात नव्हता. तो स्पष्टीकरणात लिहिलेला होता, आणि ज्याने वाचला नाही तो फसला.

सी प्लस प्लस भाषेनेही पुढे हाच रस्ता धरला. व्याख्येचे तक्ते भाषेतच लिहिता यावेत, यासाठीची ‘कन्सेप्ट्स’ ही योजना जुलै २००९ मध्ये फ्रँकफुर्टच्या बैठकीत समितीने बाजूस सारली होती. तिचे नवे रूप २०२० च्या प्रमाणात आले. त्याबरोबरच एरिक निब्लर, केसी कार्टर प्रभृतींनी २०१७ च्या तांत्रिक प्रमाणलेखात आकाराला आणलेला रेंजचा विभागही आला. शेवटचे टोक हे पहिल्याच जातीचे बोट असले पाहिजे ही अट सैल झाली. ‘शून्य दिसले की थांब’ अशी नुसती खूणही टोक म्हणून चालू लागली. आरंभ किती वेळात सापडला पाहिजे, हेही करारात राहिले. त्यामुळे हव्या त्या वस्तू गाळून देणारा पल्ला पहिली वस्तू एकदा शोधून ती जागा लक्षात ठेवतो. आणि लक्षात ठेवणे म्हणजे स्वतःत बदल करणे असल्याने, ‘यात बदल करणार नाही’ अशी शपथ घातलेल्या ठिकाणी तो फिरवता येत नाही. नवशिक्यांना हा विक्षिप्तपणा वाटतो. पण त्याचे कारण एका लेखी वाक्यात आहे, यंत्राच्या स्वभावात नाही.

या प्रमाणग्रंथात दोन क्रियापदांचा भेद मोठ्या कसोशीने पाळलेला आहे. एखादी रचना व्याख्येच्या बाह्य अटी ‘पुऱ्या करते’ असे म्हणणे वेगळे, आणि ती व्याख्येला ‘मूर्त करते’ असे म्हणणे वेगळे. पहिले कंपायलर पाहतो. दुसऱ्यात अर्थाच्या अटीही आल्या. त्या मोडल्या, तर कार्यक्रम चुकीचा ठरतो, मात्र ती चूक दाखवून देण्याचे बंधन कंपायलरवर नाही. सहा दशकांच्या खटाटोपानंतर तज्ज्ञांनी हे प्रांजळपणे लिहून ठेवले, याला आम्ही फार मोल देतो. यंत्राची राखण कोठे संपते आणि माणसाच्या शब्दाची कोठे सुरू होते, तो बांध त्यांनी स्वच्छ दाखवून दिला.

या ठिकाणी पुन्हा एकदा व्याकरणाची आठवण होते. ज्या चौदा सूत्रांतून प्रत्याहार तयार होतात, त्यांत ‘ण्’ ही खूण दोनदा आली आहे. मग ‘अण्’ म्हणजे पहिल्या ‘ण्’पर्यंतचे तीन स्वर, की दुसऱ्यापर्यंतचा मोठा गट? सूत्रावरून हे कळत नाही. परंपरेने याचे उत्तर एका परिभाषेने दिले आहे. शंका आली म्हणून नियम निकामी होत नाही. नेमका अर्थ व्याख्यानावरून, म्हणजे परंपरागत स्पष्टीकरणावरून घ्यावा, असा तिचा आशय. काशीत राहिलेले महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट काळे यांनी ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात हिला अग्रस्थान दिले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी एकोणिसाव्या शतकात तो ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह संपादिला, आणि पुढे का. वा. अभ्यंकर यांनी पुण्यातूनच त्या आवृत्तीला नवे रूप दिले. नियम कितीही आटोपशीर असला, तरी त्याच्या शेजारी स्पष्टीकरण चालत असते, आणि ते सांभाळणे हे विद्वत्तेचेच काम आहे, असे या परंपरेने मानले.

संगणकाच्या जगात स्पष्टीकरण लिहिण्याचे काम दुय्यम समजण्याची खोड पुष्कळ दिवसांची आहे. आधी कार्यक्रम, मग सवड झालीच तर चार ओळी, असा तो क्रम. पण वरील हकीकतीवरून दिसते, की त्या चार ओळी करारातला अर्धा भाग आहेत. यंत्राची तपासणी वर्षागणिक वाढली, ती अजूनही वाढेल, आणि वाढावी. जे यंत्राला तपासता येईल ते माणसाच्या स्मरणावर सोडू नये, हे ‘गेट्स’ने आणि ‘हार्टब्लीड’ने शिकवले. तरीही ‘पुन्हा पहिल्यापासून वाचता येईल’, ‘इतक्या वेळात होईल’, ‘हे टोक त्याच पल्ल्याचे आहे’ ही वचने बहुधा शब्दांतच द्यावी लागतील.

आपल्यापैकी बहुतेकांना कार्यक्रम लिहावयाचे नाहीत. तथापि आपले बँकेतले पैसे, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील नोंदी या साऱ्या आज अशाच पल्ल्यांवरून मोजल्या जातात, आणि कोठे तरी कोणी तरी ‘येथपर्यंत’ असे लिहिलेले असते. ते लिहिणाऱ्याने टोक धरले की वगळले हे सांगितले आहे काय, आणि रिकाम्या पल्ल्याचे काय करावयाचे हे नोंदवले आहे काय, असे विचारण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. कचेरीच्या खिडकीशी दहा तारखेवरून हुज्जत घालणारा नागरिक जो प्रश्न विचारतो, तो हाच.